पणजीच्या फोंताइन्हासमध्ये जुन्या घरातल्या हॉटेलात राहायचंय? खोली ठरवण्यापासून चेक-आउटपर्यंत

फोंताइन्हासमधल्या हेरिटेज हॉटेलांतून नाराज होऊन परतलेली माणसं मला बरीच भेटली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: फोटोत पाहिली ती खोली मिळालीच नाही. हॉटेलवाल्याने फसवलं असं दर वेळी नसतं. ही मुळात लोकांची राहती घरं. एखादी खोली पूर्वी दिवाणखाना होती, एखादी नारळ-धान्य ठेवायची कोठी, एखादी मागच्या पडवीला भिंत घालून काढलेली. दोन खोल्यांची लांबी-रुंदीसुद्धा जुळत नाही. अशा घरात 'डीलक्स' किंवा 'सुपीरियर' या शब्दावरून फारसं काही कळत नाही. म्हणून हॉटेल पसंत केलं की अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे त्या घरातली नेमकी खोली पसंत करणं, आणि ते कुणी करत नाही.

खाली सगळं क्रमाने देतोय. उदाहरण पणजीचं असलं तरी प्रश्न थोड्याफार फरकाने सावंतवाडीचा राजवाडा किंवा अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या हवेल्या, कुठेही लागू पडतील.

१. आधी वस्ती समजून घ्या

फोंताइन्हास आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. इथे पूर्वी माडाचं भाट, म्हणजे नारळाची बागायत होती. राज्यकारभार जुन्या गोव्यातून पणजीला आला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि एकोणिसाव्या शतकात या बाजूला वस्ती दाट होत गेली. आज आपण जी पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं पाहायला जातो ती बरीचशी त्या काळातली. एका टोकाला सेंट सेबास्टियनचं छोटं चॅपल आहे. त्यातला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. असं सहसा दिसत नाही, तेव्हा चॅपल उघडं मिळालं तर आत जाऊन बघा.

राहण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ते एवढंच: इथे समुद्रकिनारा नाही. मिरामार रिक्षाने जवळ आहे, पण कळंगुट-बागा पंधरा किलोमीटरच्या आसपास. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यात डुंबायचं असेल तर इथे खोली घेऊ नका, टॅक्सीतच पैसे जातील. चालायची आवड असेल, जुनी घरं बघायला आवडत असतील, संध्याकाळी नदीकाठी फिरून लवकर झोपायचं असेल, तर याच्यासारखी जागा गोव्यात नाही.

२. महिना ठरवा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. दर चढलेले असतात आणि गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे पणजीतल्या खोल्या लवकर भरतात, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल. या तारखांना जायचं असेल तर खूप आधी बुकिंग करा. नाहीतर जानेवारीचा दुसरा पंधरवडा गाठा, हवाही तेव्हा उत्तम असते.

पावसाळ्याबद्दल लोकांचे दोन तट आहेत. मी पावसाच्या बाजूचा. दर उतरतात, गर्दी ओसरते, कौलांवरच्या पावसाचा आवाज फुकट. पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुनं घर ते पाणी थोडंफार अंगात मुरवतंच. दमा असेल, बुरशीच्या वासाने डोकं धरत असेल, तर जून ते ऑगस्टमध्ये जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरं नव्याने रंगवलेली दिसतात. पाऊस संपला की घर रंगवायचं ही इथली पोर्तुगीज अमदानीपासूनची रीत.

३. घर खरंच जुनं आहे का, ते तपासा

'हेरिटेज' ही पाटी कुणीही लावतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेलसाठी इमारत १९५० पूर्वीची आणि निदान पाच खोल्या, अशा अटी आहेत. पण अनेक छोट्या, चांगल्या जागा त्या वर्गीकरणाच्या वाटेला जातच नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र नाही म्हणून नाक मुरडू नका, आणि पाटी आहे म्हणून भाळूही नका.

प्रत्यक्षात तीन प्रकार सापडतात. पहिला, खरं जुनं घर, नीट दुरुस्त केलेलं. दुसरा, पुढे जुनं घर आणि मागे नवी काँक्रीटची विंग; फोटो पुढच्या भागाचे, खोली मागची. तिसरा, काल-परवा बांधलेली इमारत, वर कौलं आणि दाराला जुन्या बाजारातून आणलेली कडी. तिसरा प्रकार वाईटच असतो असं नाही. पैसे मात्र जुन्या घराचे देऊ नका.

फोटोत काय बघायचं? भिंतींची जाडी. खिडकीचा कट्टा हातभर खोल दिसला की भिंत जांभ्या दगडाची असण्याची शक्यता मोठी. खिडक्यांच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या दिसल्या तर उत्तम, कारण आज ते काम करणारे आणि करवून घेणारे दोघेही थोडे. छत लाकडी, वर मंगळुरी कौलं. आणि भिंतीचा गिलावा: चुन्याचा असेल तर पृष्ठभाग किंचित ओबडधोबड, रंग मऊ दिसतो. जांभा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि सोडतो, आणि चुना त्याला सोडू देतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच अडकते, मग गिलाव्याला फुगे येतात, पोपडे सुटतात. पावसाळ्यात जाणार असाल तर 'डागडुजी चुन्यात केलीय की सिमेंटमध्ये?' हे मालकाला जरूर विचारा. ज्याने जीव लावून घर दुरुस्त केलंय तो या प्रश्नावर पंधरा मिनिटं बोलेल. त्यावरूनच काय ते समजा.

एकाच वस्तीत किती तऱ्हा असतात ते पाहायचं तर पणजिम इन आणि त्याची भावंडं बघावीत. पणजिम इन हे जुनं कॅथलिक वळणाचं घर, पणजिम पौसादा हे मधोमध अंगण असलेलं हिंदू घर, आणि पणजिम पीपल्स ही पूर्वी शाळा होती. राहणार नसलात तरी येता-जाता बाहेरून बघा. शाळेच्या वर्गाची झालेली खोली आणि अंगणाभोवतीची खोली यांत उंची, उजेड, आवाज, सगळंच वेगळं.

४. नेमकी खोली निवडा

इथे घाई करू नका. संध्याकाळी पाचनंतर थेट हॉटेलला फोन करा. सकाळी चेक-आउटची गडबड असते, आणि दुपारी पणजी वामकुक्षी घेते. 'तुमच्याकडची कुठली खोली मला मिळेल? तिचं नाव किंवा नंबर सांगा आणि तिचेच फोटो पाठवा,' असं सरळ म्हणा. मग हे विचारा:

- खोली मूळ घरातली की नंतर वाढवलेल्या भागातली?
- तळमजल्यावर की वर? वर असेल तर जिना कसा आहे?
- खिडकी रस्त्याकडे उघडते, अंगणाकडे की शेजारच्या भिंतीकडे?
- बाथरूम खोलीला लागून आहे का, आणि आत जायला पायरी आहे का?
- जमीन लाकडी की फरशीची? वरच्या खोलीत कुणी चाललं तर खाली ऐकू येतं का?
- वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? फक्त पंखा-दिवा की एसीही?
- लहान मुलं चालतात का? काही ठिकाणी बारा वर्षांखालच्यांना घेत नाहीत.

यातला पायरीचा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. या घरांत खोलीला लागून न्हाणीघर मुळात नव्हतंच. ते नंतर कोपऱ्यात बसवलेलं असतं, आणि खालून पाइप न्यायला जागा हवी म्हणून बाथरूमची जमीन वीतभर उंच करतात. रात्री अर्धवट झोपेत ही पायरी हमखास ठेच लावते. सोबत आई-बाबा असतील तर याची चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नका.

तळमजला की वरचा मजला, हा खरा पेच. तळमजल्याला ओल जास्त, उजेड कमी, रस्त्यावरून जाणारे खिडकीत डोकावतात. पण जिना चढायचा नाही. वरच्या मजल्यावर वारा, उजेड, सज्जा. पण जिना अरुंद आणि चढा, आणि लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसतेच. जुन्या घराच्या पोटात ती घालायची म्हणजे घर फोडावं लागतं. माझं मत असं: गुडघे ठीक असतील तर वरची खोली, नसतील तर तळमजल्यावरची अंगणाकडची. रस्त्याकडची तळमजल्याची खोली कुणीच घेऊ नये. सकाळी आठपासून प्री-वेडिंग फोटोवाले खिडकीखाली उभे राहतात.

लहान मुलं असतील तर सज्जाचा कठडा किती उंच आहे तेही विचारा. जुने कठडे बुटके असतात आणि गजांतली फट मोठी.

५. पैसे भरण्याआधी

ॲपवर दर बघा, पण भरण्याआधी थेट हॉटेलचाही दर विचारा. दर सारखाच निघाला तरी थेट बुकिंगचा फायदा असा की खोलीचं नाव कन्फर्मेशनमध्ये लिहून मिळतं. ॲपवर फक्त प्रकार मिळतो, खोली नाही. फोनवर कबूल झालेलं सगळं व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर लिहून घ्या. फोनवर बोलणारा माणूस तुम्ही पोहोचाल त्या दिवशी सुट्टीवर असू शकतो.

जीएसटीचा हिशेब डोक्यात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकासाठी जवळपास बाराशे जास्त. म्हणून जाहिरातीतला आकडा न बघता 'सगळे कर धरून किती?' हेच विचारा. ज्यादा गादी घेणार असाल तर ती धरून विचारा.

रद्द केल्यावर पैसे परत मिळण्याचे नियम लहान हॉटेलांत कडक असतात. आठ-दहा खोल्यांच्या जागेत एक खोली रिकामी राहिली की त्यांना चांगलाच फटका बसतो. हे समजून घ्या, पण अट वाचूनच पैसे भरा.

६. कागदपत्रं आणि सामान

- प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं फोटो ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. एकाचं देऊन भागत नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चालत नाही.
- आधारची प्रत देणार असाल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून न्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.
- परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड. हॉटेलला त्यांची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. घरचेच आहेत, मराठी बोलतात, म्हणून ते टळत नाही.
- खोलीच्या नावासकट बुकिंगची प्रत. छापील असली तर उत्तम, कारण जाड भिंतींच्या आत मोबाइलची रेंज लंगडते.

सामानात चाकांची मोठी बॅग नको. गल्ल्या, पायऱ्या आणि लाकडी जिना, तिन्हीकडे ती नडते. पाठीवरची बॅग बरी. छोटी टॉर्च, डास पळवणारं मलम, कानात घालायचे बोळे, एक्स्टेन्शन बोर्ड (जुन्या खोलीत प्लग नेमका पलंगापासून लांब असतो) आणि मऊ तळाच्या सपाता एवढं न्या. मॉस्किटो कॉइल, उदबत्ती, मेणबत्ती घरीच ठेवा. घरात लाकूड भरपूर असतं.

७. पोहोचायचं कसं

रेल्वेने येत असाल तर पणजीला सर्वांत जवळचं स्टेशन करमळी, दहा-बारा किलोमीटर. पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. तुमची गाडी मडगावला थांबत असेल तर तिथून कदंबाची (गोव्याची सरकारी बससेवा) पणजी शटल बस स्वस्त आणि झटपट. विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. तिकीट काढताना नीट बघा, दोन्हींच्या नावापुढे गोवाच लिहिलेलं असतं. मोपा पार उत्तरेला पेडण्यात आहे. ओला-उबर इथे चालत नाहीत. विमानतळावरचा प्रीपेड काउंटर किंवा गोवा माइल्सचं ॲप वापरा.

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने येणाऱ्यांसाठी खास: बस पहाटे सहा-सातला सोडते आणि चेक-इन दुपारी एक-दोनला. लहान हॉटेलात रात्रभर रिसेप्शन उघडं नसतं, दार बंद असू शकतं. आदल्या दिवशी फोन करून विचारा की सकाळी सामान ठेवायला आणि हात-पाय धुवायला सोय आहे का. असेल तर प्रश्न मिटला. कदंब बसस्थानकावरून खाडीवरचा पूल ओलांडला की फोंताइन्हास चालत दहा मिनिटांवर.

स्वतःची गाडी असेल तर ती गल्लीत घालू नका. रस्ते एकेरी, वळणं अवघड, आणि हॉटेलांना स्वतःचं पार्किंग क्वचितच. पलीकडे पाटोला बहुमजली पार्किंग आहे. तिथे गाडी ठेवून खाडीवरच्या पादचारी पुलावरून चालत या.

८. पहिली दहा मिनिटं

किल्ली हातात पडली की सामान उघडू नका. आधी खोलीभर फिरा. गरम पाणी सोडून बघा, एसी लावून बघा, खिडकीच्या कड्या बसतात का बघा, गादी आणि उशी हाताने दाबून ओलसर लागते का पाहा. दाराला आतून अडसर असेल तर तो घालून-काढून बघा, जुने अडसर अडकतात. काही खटकलं तर तेव्हाच खाली जाऊन सांगा. खोली वापरली नसेल तर बदलून मिळण्याची शक्यता खूप जास्त असते. रात्री अकराला हॉटेलात एकच माणूस असतो आणि त्याच्या हातात काही नसतं.

भिंतीला, टेबलाला आधीच चरा किंवा डाग असेल तर फोटो काढून ठेवा. जुन्या फर्निचरची भरपाई महाग पडते.

तक्रार कशाची करायची आणि कशाची नाही, हेही सांगून ठेवतो. गळणारं छत, कुबट गादी, थंड पाणी: बेलाशक करा. लाकडी जमिनीची करकर, भिंतीवरची पाल, रात्री कौलांवरून धावणारं उदमांजर: नको. ही मंडळी घराच्या नावावर नसली तरी तिथे तुमच्याआधीपासून राहतात.

९. घरात आणि गल्लीत वावरताना

शिंपल्यांची खिडकी हलक्या हाताने उघडा. चकती तडकली तर तशीच दुसरी मिळवणं कठीण. ओले कपडे लाकडी खुर्चीवर किंवा पलंगाच्या खांबांवर टाकू नका, दोरी मागा. रात्री दहानंतर सज्जात मोठ्याने गप्पा नकोत. समोरच्या घरात माणसं झोपलेली असतात, आणि गल्ली इतकी अरुंद की त्यांना तुमचा शब्दन् शब्द कळतो. बहुतेकांना मराठीही कळतं.

फोंताइन्हासमध्ये आजही कुटुंबं राहतात. काही दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या मनावर घ्या. दुसऱ्याच्या पायऱ्यांवर बसून, खिडकीला टेकून पोज देणाऱ्यांना रहिवासी कंटाळलेत, आणि त्यांचं बरोबर आहे. फोटो हवेच असतील तर सकाळी सातच्या आत बाहेर पडा, चौकातून काढा, घरात डोकावू नका.

त्या वेळेला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो. पोई आणि उंडो हे इथले पाव गरम असताना घ्या. नाश्ता दरात धरलेला असेल तर तो काय आहे ते आदल्या रात्री विचारा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, लहान स्वयंपाकघरात ऐनवेळी वेगळं होत नाही. नाहीतर चालत कॅफे भोसले किंवा कॅफे ताटो गाठा आणि भाजी-पाव मागवा. आपल्या चौपाटीवरची पावभाजी ही नव्हे. इथे पातळ भाजी, सुकी भाजी असे प्रकार वेगवेगळे मिळतात. गोड खायचं असेल तर वस्तीतच ३१ जानेवारी रस्त्यावरची जुनी कन्फेक्शनरी आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर शेजारच्या मळा नावाच्या वस्तीतल्या मारुतीच्या जत्रेची तारीख विचारून घ्या. गल्ल्या दुकानांनी भरतात. शांतता हवी असेल तर मात्र ती तारीख टाळण्यासाठीच विचारा.

१०. निघताना

बिल आदल्या रात्री मागा. सकाळी एकच माणूस नाश्ता वाढत असतो आणि तोच बिलही करतो. त्यात लिहिलेला खोलीचा दर आणि जीएसटीची टक्केवारी तुमच्या कन्फर्मेशनशी ताडून बघा. डिपॉझिट दिलं असेल तर तेव्हाच परत घ्या, 'नंतर पाठवतो' यावर सोडू नका.

चेक-आउट बहुधा दहा-अकराला आणि गाडी संध्याकाळी, असं असेल तर सामान ठेवायची विनंती करा. सहसा नाही म्हणत नाहीत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात आणि काहींच्या सुटायच्या वेळाही बदलतात. तिकीट दोन महिने आधी काढलं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा आणि त्यानुसार करमळीची टॅक्सी हॉटेललाच सांगून ठेवा. परत आल्यावर कुठे अभिप्राय लिहिलात तर खोलीचं नाव किंवा नंबर, मजला आणि महिना तेवढा लिहा.